केसगळतीवर बाटली घेण्याआधी: काय, कधी आणि कुठल्या क्रमाने

नाशिकमध्ये माझं औषधांचं दुकान आहे. दर आठवड्याला कुणीतरी काउंटरवर मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, "भाऊ, हे सगळं द्या." यादीत मिनॉक्सिडिल म्हणजे डोक्याला लावायचं केसांचं औषध, बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाची गोळी, रोझमेरीचं तेल, कांद्याचा शाम्पू आणि चुलतभाऊ घेतो ती गोळी. पाचही गोष्टी एकाच सोमवारी सुरू होतात. दीड महिन्याने तोच माणूस परत येतो, "उलट जास्तच गळायला लागले हो," आणि पाचही एकदम बंद करतो. आता यातल्या कशाने फायदा होणार होता आणि कशाने खाज सुटली, हे त्याला कळत नाही, मला कळत नाही आणि पुढे तो ज्या डॉक्टरांकडे जातो त्यांनाही कळत नाही.

चांगली औषधं वाया जाताना मी पाहतो ती बहुतेक क्रम चुकल्यामुळे. म्हणून खालचे टप्पे मधला एकही न गाळता, याच क्रमाने करा.

## टप्पा १: पंधरा दिवस नवीन काहीही सुरू करू नका

या पंधरा दिवसांत तीनच कामं आहेत.

पहिलं काम, कॅलेंडर घेऊन तीन महिने मागे जा. केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, मग सुमारे ३ महिने नुसता मुळात बसून राहतो आणि नंतर गळतो. म्हणजे आज कंगव्यात आलेल्या केसाचा निकाल तीन महिन्यांपूर्वीच लागलेला असतो. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात डेंग्यू आणि टायफॉइडची गर्दी होते आणि त्या रुग्णांचे केस दिवाळीच्या आगेमागे गळायला लागतात. मग दोष जातो उटण्याला, नव्या शाम्पूला, नाहीतर टँकरच्या पाण्याला. बाळंतपणानंतरची गळतीही अशीच तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते, आणि घरातली मोठी माणसं "बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात" म्हणतात तेव्हा हिशोब बरोबर असतो, कारण तेवढं चुकीचं असतं.

एका कागदावर तारखांसकट लिहा: मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, लग्नासाठी झटपट उतरवलेलं वजन, लांबलेले कडक उपवास, घरातला मोठा धक्का, नव्याने सुरू झालेली कुठलीही गोळी. रक्त पातळ करणारी, फिटची आणि मुरुमांसाठीची काही औषधंही केस गाळतात. मात्र अशी गोळी सापडली म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. लिहून ठेवा, डॉक्टरांना दाखवा.

दुसरं काम, फोटो. पाच फोटो हवेत: कपाळाची रेषा समोरून, दोन्ही कानशिलं, मधला भांग वरून आणि मागचा भोवरा. केस कोरडे आणि बिनतेलाचे हवेत. रोज ज्या खिडकीपाशी उजेड येतो तीच जागा, तीच वेळ ठरवा. बाथरूमच्या बल्बखाली ओल्या केसांचा फोटो काढला तर दाट केसांचा माणूसही टकला दिसतो, आणि पुढच्या वेळी कोरड्या केसांचा काढला की "फरक पडला" असं वाटतं. जाहिरातीतले अर्धे चमत्कार याच युक्तीचे.

तिसरं काम, गळलेला केस नीट बघा. रोज मोजत बसू नका. दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे नेहमीचंच आहे, आणि आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्याचे मधल्या दिवसांचे केसही न्हाण्याच्या दिवशी एकदम निघतात. त्यापेक्षा दहा-बारा केस पांढऱ्या कागदावर ठेवा. टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर केस मुळातून आलाय. ठिपका नसेल आणि केस आखूड असेल तर तो मधेच तुटलाय. तुटणाऱ्या केसांचा दोष स्ट्रेटनिंग, ब्लीच, ओल्या केसांत कंगवा आणि टॉवेलने खसाखसा पुसणं यांचा. बोअरचं जड पाणीही केस राठ करतं, पण त्याने मूळ मरत नाही. तुटणाऱ्या केसांसाठी मुळावरचं औषध विकत घेणं म्हणजे पानं सुकली म्हणून बांध घालणं.

> पुढे जाण्याआधी: तारखांचा कागद आणि पाच फोटो तयार आहेत? नसतील तर इथेच थांबा. हे दोन्ही नंतर मिळवता येत नाहीत.

## टप्पा २: तुमची गळती कुठल्या प्रकारची, ते ओळखा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे वेळ घ्या.

सगळ्या डोक्यावरून सारखी गळती. कुठेही टक्कल नाही, पण वेणी बारीक झाली आणि उशीवर, जेवणाच्या ताटात, झाडूत केसच केस. कागदावर तीन महिन्यांपूर्वीचा ताप किंवा बाळंतपण सापडलं तर बहुधा हीच. कारण संपलं की ही गळती साधारण सहा महिन्यांत आपली आपण थांबते. या काळात जे तेल लावाल त्याला श्रेय मिळतं. निम्म्या "आमच्याकडच्या रामबाण तेलां"ची ख्याती इथेच तयार झालेली आहे.

ठरावीक जागी हळूहळू विरळ होणं. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकतात आणि भोवऱ्याजवळ विरळ होतं. बायकांत कपाळाची रेषा शाबूत राहते पण भांग रुंदावत जातो. कंगव्यात फार केस येतीलच असं नाही. केस दर फेरीला आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. हा आनुवंशिक प्रकार. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं आणि काही जणांची डोक्यावरची मुळं त्याला जन्मतःच हळवी असतात. फक्त आईच्या वडिलांकडे बघून अंदाज बांधू नका, हे दोन्ही घराण्यांतून येतं. आणि हेल्मेटने टक्कल पडत नाही. ती सबब गंगापूर रोडच्या सिग्नलवर पोलिसांना सांगायची असेल तर सांगा, मला नको.

चाई. एका रात्रीत गेल्यासारखी रुपयाएवढी गोल, गुळगुळीत जागा. डोक्यात, दाढीत किंवा भुवईत. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळावर उठते. आयुर्वेदात याला इंद्रलुप्त म्हणतात. कीड लागत नाही, न्हाव्याच्या वस्तऱ्यानेही होत नाही. एकुलती चाई बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप भरते, हे लक्षात ठेवा, टप्पा ५ मध्ये कामाला येईल.

खवले, खाज, तुटके केस. लहान मुलाच्या डोक्यात असं दिसलं तर नायटा असू शकतो. डोक्यातला नायटा नुसत्या मलमाने जात नाही, पोटातून औषध लागतं. घरातल्या भावंडांचे कंगवे आणि टॉवेल लगेच वेगळे करा.

ओढून बसवलेले केस. रोज घट्ट अंबाडा, घट्ट पोनी, एक्स्टेन्शन. कपाळाच्या आणि कानाच्या कडेने केस विरळ होतात. लवकर सैल सोडले तर परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर येत नाहीत.

दोन प्रकार एकत्रही असतात. भांग आधीच रुंदावत होता, त्यात डेंग्यू झाला, आणि सगळं एकदम उघडं पडलं. अशी गळती घरबसल्या ओळखण्याच्या फंदात पडू नका.

> सावधान, याला वाट बघू नका: डोक्याच्या त्वचेत दुखणं, जळजळ किंवा पू, गुळगुळीत चकचकीत जागा जिथे केसांची छिद्रंच दिसत नाहीत, भुवयाही जाणं, बाईला केसगळतीबरोबर अनियमित पाळी आणि हनुवटीवर राठ केस. छिद्रं बुजवणाऱ्या प्रकारात गेलेला केस परत येत नाही, उरलेले वाचवायचे असतात. तिथे एकेक महिना महागात पडतो.

## टप्पा ३: योग्य माणसाकडे जा

त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्वचारोगात पदवी किंवा पदविका घेतलेला डॉक्टर. पाटीवरचं "हेअर एक्स्पर्ट", "ट्रायकॉलॉजिस्ट" किंवा "काउन्सेलर" ही त्याची जागा घेत नाहीत. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत आहे का ते बघता येतं. त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल किंवा आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय, अशा ठिकाणच्या त्वचारोग विभागात खाजगीपेक्षा खर्च कमी येतो. फक्त सकाळी लवकर पोचा आणि डबा बरोबर ठेवा.

आयुर्वेदाकडे जायचं असेल तर बीएएमएस किंवा आयुर्वेदातली एमडी झालेला, नोंदणी असलेला वैद्य गाठा. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे वैद्याला दाखवता येतं. रस्त्याकडेच्या तंबूतल्या बाटलीपेक्षा ते कधीही बरं.

जाताना न्हाऊन, तेल लावून, केस चापून जाऊ नका. आदल्या दिवशी न धुतलेले, बिनतेलाचे केस न्या, कारण डॉक्टर चिमटीत ५०-६० केस धरून हलकेच ओढून बघतात आणि भिंगातून त्वचा पाहतात. बरोबर तारखांचा कागद, फोटो आणि सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी न्या, तिच्या पाकिटासकट. "ती पांढरी छोटी गोळी" म्हणून कुणालाच काही कळत नाही.

माझ्या मावसभावाला एका क्लिनिकमध्ये डोकं न तपासता, फॉर्म भरून घेता घेताच आठ बैठकांचं पॅकेज गळ्यात मारलं. त्याला होती ती टायफॉइडनंतरची गळती. तिसऱ्या बैठकीपर्यंत ती थांबलीही. पैसे पूर्ण गेले, आणि श्रेय पॅकेजने घेतलं.

> तपासा: डॉक्टरांनी प्रकाराचं नाव सांगितलं का? चिठ्ठीवर निदान लिहिलेलं नसेल तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, हा नेमका कुठला प्रकार?" उत्तर मिळाल्याशिवाय औषध घ्यायला येऊ नका.

## टप्पा ४: रक्त तपासणी, आणि बायोटिनचा घोळ

साधारण सांगितल्या जाणाऱ्या तपासण्या: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइडसाठी टीएसएच, बी१२ आणि ड जीवनसत्त्व. पाळी अनियमित असेल तर संप्रेरकांच्या काही. सरसकट चाळीस चाचण्यांचं "हेअर पॅकेज" घेण्याची गरज नसते.

इथे दोन चुका नेहमीच्या. पहिली, ताप उतरल्या उतरल्या फेरिटिन करणं. अंगात दाह असला की फेरिटिन खोटं वाढतं आणि कमतरता झाकली जाते. महिनाभर थांबा. दुसरी चूक मोठी. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन बऱ्याचदा १० मिलिग्रॅम असतं. माणसाला दिवसाला लागतं ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. एवढं बायोटिन रक्तात असलं की थायरॉइडच्या काही चाचण्या चुकीचे आकडे देतात. हृदयविकाराच्या झटक्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची चाचणीही चुकू शकते. तपासणीच्या निदान दोन-तीन दिवस आधी बायोटिन थांबवा आणि लॅबमध्ये सांगा. केसांसाठी गोळी घेतली, तिने थायरॉइडचा अहवाल बिघडवला, आणि मग नसलेल्या थायरॉइडची गोळी सुरू झाली, असा फेरा होऊ शकतो.

लोह कमी निघालं तर गोळी चहाबरोबर घेऊ नका. चहा आणि गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबू-पाणी चालेल. मटकी, हरभरा, अंडी, डाळ ताटात नसतील तर केसांना लागणारं प्रथिन येणार कुठून? मिसळ नाशिककराच्या रक्तात आहेच, फक्त वाटीत तर्रीपेक्षा मटकी जास्त घ्या.

> सावधान: जास्त म्हणजे चांगलं, असं जीवनसत्त्वांत आणि खनिजांत नसतं. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात. २०२५च्या सुरुवातीला बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस अचानक पुंजक्याने गेले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणीनंतर सेलेनियमचं वाढलेलं प्रमाण हे कारण मांडलं होतं. डॉक्टरांनी कमतरता दाखवल्याशिवाय सप्लिमेंट घेऊ नका.

## टप्पा ५: "संशोधनात सिद्ध" या शब्दांना चार प्रश्न विचारा

वैद्यकीय असो वा पारंपरिक, हातातल्या बाटलीला हे चार प्रश्न लावा: प्रयोग कुणावर झाला? केसगळतीच्या कुठल्या प्रकारावर? कशाच्या तुलनेत? किती महिने?

कांद्यापासून सुरू करू, कारण लासलगाव आपल्या जिल्ह्यात आणि कांद्याचा रस प्रत्येक घरात. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी कांद्याच्या रसाचा अभ्यास छापला. रस दिवसातून दोनदा, दोन महिने लावायचा होता. सहा आठवड्यांनी कांदा लावणाऱ्या २३ पैकी २० जणांना केस आले, साधं पाणी लावणाऱ्यांत फार थोड्यांना. आकडा जबरदस्त आहे. पण तो प्रयोग चाईवर होता, आणि चाई आपोआपही भरते. माणसं मोजकी होती, आणि वास येत असल्यामुळे कुणाला काय लावलंय ते लपवणं अशक्य. भोवऱ्यावरच्या आनुवंशिक टकलाशी त्या प्रयोगाचा संबंधच नाही. जाहिरात मात्र त्यासाठीच केली जाते.

रोझमेरीचं तसंच. २०१५ साली इराणमध्ये आनुवंशिक टक्कल असलेल्या १०० जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांना रोझमेरी तेल, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांत कुणालाच दखल घेण्याजोगा फरक नाही, सहा महिन्यांनी दोघांना थोडा. यावरून "मिनॉक्सिडिलइतकंच गुणकारी" अशी घोषणा झाली. पण तुलना पुरुषांना सहसा देतात त्या ५ टक्क्यांशी नव्हती आणि काहीच न लावणारा तिसरा गटही नव्हता. मला हा अभ्यास आवडतो, जाहिरात आवडत नाही.

माका, म्हणजे भृंगराज. आयुर्वेदात केसांसाठी पहिलं नाव त्याचंच, तेलाचं नावही तेच. संशोधनात केस वाढल्याचे जे प्रयोग दाखवले जातात ते मुख्यतः उंदरांवरचे. उंदराच्या पाठीवरचे केस ठरावीक वेळी एकदम वाढतात, माणसाच्या डोक्यावरचा प्रत्येक केस वेगवेगळ्या वेळी. तिथलं यश थेट इथे उतरेलच, असं नाही. म्हणून माका टाकाऊ ठरत नाही, फक्त "सिद्ध" हा शब्द तिथे लागू होत नाही. जास्वंदीबद्दलही असंच.

खोबरेल तेलाचा पाया भक्कम आहे, पण वेगळ्या कामासाठी. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातून प्रथिन निघून जाणं कमी करतं, हे २००३ साली प्रयोगाने दाखवलं गेलं. म्हणजे तुटणं कमी होतं. मुळातून गळणं नाही. आजीच्या तेलाचा खरा गुण हाच, आणि तोही काही कमी नाही.

आणि मुंडण. रामकुंडावर जावळ किंवा दशक्रियेला डोकं भादरलं की "आता दाट येतील" असं म्हणतात. वस्तरा त्वचेच्या वर चालतो, मुळं आत असतात तेवढीच राहतात. नवीन केसाचं टोक कापलेलं, बोथट असतं म्हणून तो हाताला राठ लागतो.

## टप्पा ६: औषध लावायला लागा, एका वेळी एकच

पुढचं सगळं आनुवंशिक प्रकारासाठी आहे. तापानंतरच्या गळतीला बहुतेक वेळा कारण दुरुस्त करून थांबणं पुरतं. चाईला डॉक्टर जागेवर स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, साधारण ४ ते ६ आठवड्यांनी. डोकंभर पसरलेल्या चाईसाठी बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आल्या आहेत, पण त्या तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हातात घ्यायच्या नाहीत.

### मिनॉक्सिडिल

१. डोकं पूर्ण कोरडं करा. वर तेल असलं तर औषध आत जात नाही.

२. भांग पाडा आणि ड्रॉपर त्वचेवर टेकवा. केसांवर ओतलेलं औषध वाया जातं. एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. बायकांना डॉक्टर वेगळं प्रमाण सांगतात, नवऱ्याची बाटली वापरू नका.

३. बोटांच्या टोकांनी पसरवा आणि हात धुवा, नाहीतर कपाळावर, गालावर लव येते. रात्री झोपण्याच्या दोन तास आधी लावा, उशीला पुसू नये म्हणून.

४. चार तास डोकं धुवू नका.

माझी काउंटरवरची परीक्षा सोपी आहे. दोन वेळा एकेक मिली म्हटलं की ६० मिलीची बाटली बरोबर एक महिना पुरते. "एकच बाटली तीन महिने चालली, तरी फरक नाही" असं कुणी म्हटलं की मला उत्तर मिळालेलं असतं.

सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते. जुने, बसून राहिलेले केस नव्या केसांसाठी जागा सोडतात. ९० टक्के लोक इथेच बाटली फेकतात, असं मी म्हणणार होतो, पण मोजलेलं नाही. खूप लोक फेकतात एवढं नक्की. खाज, लाली, खवले आले तर तो वेगळा मुद्दा. काहींना द्रावणातलं प्रोपिलीन ग्लायकॉल सोसत नाही, त्यांना डॉक्टर फोम देतात. छाती धडधडणं, चक्कर, पायावर सूज आली तर लगेच थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी लावू नये. घरात मांजर असेल तर बाटली आणि औषध लावलेली उशी तिच्यापासून दूर ठेवा, मिनॉक्सिडिल मांजराला जीवघेणं आहे.

मिनॉक्सिडिलची गोळीही अलीकडे कमी मात्रेत देतात. ती मुळात रक्तदाबाची गोळी. मित्राच्या चिठ्ठीवर मागू नका, मी देणार नाही.

### फिनास्टेराइड

डीएचटी कमी करणारी पुरुषांची गोळी, रोज १ मिलिग्रॅम. चिठ्ठीशिवाय मिळू नये अशीच. याच औषधाची ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी असते, म्हणून घेताना पाकिटावरचा आकडा स्वतः वाचा. काही पुरुषांना कामेच्छा कमी होणं किंवा ताठरतेची अडचण येते, मन उदास होऊ शकतं, क्वचित टोकाचे विचारही येतात. हे सुरू करण्याआधी घरात कुणाला तरी सांगून ठेवा, कारण उदासपणा बहुधा दुसऱ्यालाच आधी दिसतो. प्रोस्टेटची पीएसए चाचणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगा, आकडा सुमारे निम्मा दिसतो. रक्तदानालाही सांगा. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

> तपासा: दोन्ही औषधं द्यायची असली तरी डॉक्टरांना विचारा, एक सुरू करून काही आठवड्यांनी दुसरं चालेल का. त्रास झाला तर कशाने, हे कळेल.

## टप्पा ७: पारंपरिक उपाय, कुठे आणि कसे

तेल लावायचंच असेल तर न्हाण्याआधी तास-दोन तास, कोमट, हलक्या हाताने. डोक्यात चिकट कोंडा असेल तर तेल बंद. त्या कोंड्यामागचं बुरशीसारखं जंतू तेलकटपणावरच वाढतं. तिथे डॉक्टर सांगतील तसा किटोकोनॅझोलचा शाम्पू, फेस करून तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा. लावलं आणि लगेच धुतलं की पैसे मोरीत.

माक्याचं तेल घरी करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे पानातलं पाणी तेलात राहून जाणं. मग पंधरा दिवसांत वास येतो, बुरशी धरते. वैद्यकशास्त्रातलं जुनं प्रमाण आहे: कल्क म्हणजे पानं वाटून केलेला गोळा १ भाग, तेल ४ भाग, रस किंवा काढा १६ भाग. मंद आचेवर आटवायचं. कल्काची बोटांत वात वळली गेली आणि ती विस्तवात टाकल्यावर तडतड न करता जळली, तर पाणी गेलं. तडतड झाली तर अजून ठेवा. गार झाल्यावर गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. ओल्या चमच्याने काढू नका.

कांद्याचा रस किंवा रोझमेरी वापरायचीच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. रोझमेरीचं अर्क-तेल निरं लावायचं नसतं, चमचाभर खोबरेलात काही थेंब. आणि मिनॉक्सिडिल चालू असेल तर ते तेल धुऊन, डोकं वाळल्यावरच औषध.

> कधीच नको: बिब्बा. चाईवर बिब्बा लावायची पद्धत खेड्यांत आजही आहे. त्याच्या चिकाने त्वचा भाजते, फोड येतात, व्रण राहिला तर तिथे केस कायमचा जातो. जी चाई चार महिन्यांत आपोआप भरली असती तिथे आयुष्यभराचं टक्कल उरतं. गुंजेचं बीही विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर दारातही आणू नका.

पोटात घ्यायची आयुर्वेदिक औषधं लेबल, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक असल्याशिवाय घेऊ नका. पुडीत बांधलेली भस्मं तर नकोच. शिसं आणि पारा जड धातू आहेत, आणि पुडीवर ते लिहिलेलं नसतं. ज्या वैद्यांकडे जाता त्यांना चालू असलेल्या सगळ्या ॲलोपॅथी गोळ्या सांगा, आणि डॉक्टरांना वैद्यांचं औषध सांगा. रागावतील म्हणून लपवणारे पुष्कळ आहेत. रागावू द्या.

## टप्पा ८: मोजायचं कधी

पहिले तीन महिने फोटोही काढू नका. रोज आरसा बघून ठरवायचं असेल तर तुमचं मतच केसांपेक्षा जास्त वेगाने बदलेल. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, एवढं गणित पुरे. तिसऱ्या महिन्याला गळती थांबली का ते बघा. सहाव्या महिन्याला तीच खिडकी, तीच वेळ, तेच पाच फोटो. पूर्ण निकाल बाराव्या महिन्याला.

सहाव्या महिन्याला फोटोत "काहीच फरक नाही" असं दिसलं तर निराश होऊन बाटली टाकू नका. आनुवंशिक प्रकारात जे होतं ते टिकून राहणं हासुद्धा फायदाच धरतात, कारण औषधाविना ते कमी झालं असतं. खरंच विरळ होत असेल तर बदल डॉक्टर करतील, एका वेळी एकच, आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून.

बंद करायचं ठरवलं तर आधी हे माहीत असू द्या: मिनॉक्सिडिलने आलेले केस बंद केल्यावर तीन-चार महिन्यांत जातात. सुरू करतानाच विचार करा, वर्षानुवर्षं लावणं जमणार आहे का. जमणार नसेल तर न लावणं हाही शहाणपणाचाच निर्णय आहे. बारीक कापलेले केस आणि मोकळं डोकं मिरवणारी माणसं कॉलेज रोडला रोज दिसतात, आणि बरी दिसतात.

## टप्पा ९: पीआरपी आणि केसरोपण, सगळ्यात शेवटी

पीआरपीमध्ये तुमचंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग डोक्यात टोचतात. अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, कारण प्रत्येकाची बनवायची पद्धत वेगळी. औषधाला जोड म्हणून ठीक, औषधाऐवजी नाही.

रोपणात मागच्या बाजूचे केस पुढे लावतात, नवे तयार होत नाहीत. म्हणून विशी-बाविशीत रोपणाची घाई करू नका. पुढचे केस लावलेले, त्यांच्या मागचे नंतर गळाले, तर मधे बेट उरतं आणि मागे काढायला केस शिल्लक नसतात. शस्त्रक्रिया स्वतः डॉक्टर करणार की मदतनीस, आधी किती मुळं लागतील, भूल कोण देणार, हे लिहून मागा. लावलेले केस पहिल्या दोन महिन्यांत गळतात, घाबरून फोन करू नका. निकाल नऊ-बारा महिन्यांनी दिसतो. आणि रोपण झालं तरी उरलेल्या जुन्या केसांसाठी बाटली चालूच ठेवावी लागते, हे पॅकेज विकणारा सहसा शेवटच्या हप्त्यानंतर सांगतो.